थिंबलावरचे मुठेल

जळका वास माझ्या बायकोला आधी आला. ती मागच्या दारात चहाचा पेला घेऊन उभी होती. मी बाकावर केबल धरून बसलो होतो. ब्लो लॅम्पची ज्योत अजून केबलीच्या टोकाच्या थिंबलावर होती.

"काय तरी जळता हां," ती म्हणाली.

"केबलीचा रबर आसात."

"रबराचो वास माका ठावक आसा. लगीन झाल्यापासून त्याच वासात जेवतंय मी. ह्यो वास दुसरो."

तिने पेला ठेवला, पुढे आली आणि माझा डावा हात मनगटाला धरून वर उचलला. दोन बोटांची टोके पांढरी पडली होती आणि त्यांवर कातडी सुटली होती.

"ओ, तुमचा बोट जळता. तुमका कळना नाय?"

"नाय."

"मगे हात तरी काढा थयसून."

हात तिच्याच हातात होता. मी ज्योत बंद केली आणि चहा घेतला. चहा गरम होता हे जिभेला कळले. पेला गरम होता की नाही, ते कळले नाही. पेला दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. तेथेही तसेच.

माझे दुकान मालवणहून देवबागेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, घराच्या पुढच्या पडवीतच आहे. गाड्यांच्या विजेचे काम करतो. सेल्फ, डायनामो, दिव्यांच्या वायरी ही कामे कोणीही करतो. माझ्याकडे लोक येतात ते बॅटरीच्या केबलींसाठी. जाड तांब्याची केबल, तिच्या दोन टोकांना दोन थिंबले, म्हणजे भोक असलेली तांब्याची टोपणे. कंपनीच्या भाषेत त्यांना लग म्हणतात. एक थिंबल बॅटरीवर बसते, दुसरे सेल्फवर. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवण्याची सगळी ताकद या दोन टोपणांतून जाते. तेथे जोड कच्चा असेल तर नवी बॅटरीसुद्धा निरुपयोगी ठरते.

हल्ली बहुतेक ठिकाणी थिंबल केबलीवर चढवून दाबयंत्रात दाबतात आणि देतात. त्यात चूक नाही. मीही आधी दाबतोच, कारण पकड दाबाची असते. पण आमच्या किनाऱ्यावर वाऱ्यात मीठ असते. नुसत्या दाबलेल्या थिंबलाच्या तोंडातून ते आत शिरते, तांबे हिरवे होते, आणि ते हिरवेपण रबराखालून पुढे सरकत राहते. म्हणून दाबून झाल्यावर मी थिंबलाच्या तोंडाशी थोडे सोल्डर भरून ते बंद करतो. थोडेच. सोल्डर उष्णतेमागे धावते. ज्योत क्षणभर जास्त राहिली तर ते तारांमधून वर चढते, आणि लवचिक केबलीचा तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी केबल मग बरोबर त्या काठीच्या शेवटी तुटते. बाहेरून रबर शाबूत असते आणि आत तारा एकेक करून गेलेल्या असतात.

ज्योत केव्हा काढायची हे कोणत्याही घड्याळावर कळत नाही. माझ्या डाव्या हाताची दोन बोटे रबराच्या काठावर असत. ऊब बोटांपर्यंत पोचली की उजवा हात ज्योत बाजूला घेई. यात विचार कोठेही नव्हता. गाडीवर केबल बसवल्यानंतरची परीक्षाही बोटांचीच होती. सेल्फ मारायचा, लगेच बंद करायचा, आणि प्रत्येक जोडाला बोट लावून पाहायचे. थंड जोड चांगला. उबदार जोड पुन्हा उघडायचा. मी आयुष्यभर एवढेच केले. लोक त्याला हातगुण म्हणत. तसे काही नव्हते. बोटांना कळत होते, एवढेच.

भाजलेल्या बोटांना पट्टी बांधायला सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा तेथल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतले आणि साखर निघाली. मग त्यांनी मला खाटेवर झोपवले आणि डोळे मिटायला सांगितले.

"मी पायाला आणि बोटांना टोचणार आहे. जाणवलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून पडून राहिलो. पंख्याचा आवाज ऐकत होतो. बराच वेळ गेला.

"सुरू करा," मी म्हणालो.

"माझं करून झालं," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी नसांविषयी समजावून सांगितले. गोळ्या लिहून दिल्या. गेलेली संवेदना परत येईलच असे नाही, असे म्हणाले. अनवाणी चालायचे नाही, पाय रोज पाहायचे, भेगा पडू द्यायच्या नाहीत. मी विचारले, हाताचे काम चालेल का. त्यांनी विचारले, काम काय. मी सांगितले. ते म्हणाले, काळजी घेऊन करा. ते त्यांच्या जागी बरोबर होते. काळजी बोटे घेत असत, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पट्टी सुटल्यावर मी एक केबल केली. कोणाची नव्हती, सरावासाठी केली. थंड झाल्यावर दोन्ही हातांनी वाकवली. थिंबलापासून चार बोटे अंतरापर्यंत ती वाकली नाही. सोल्डर तेवढे वर गेले होते. मी ती कापून टाकली. दुसरी केली. त्या वेळी ज्योत लवकर काढली. वरून चमक आली होती. कापून पाहिली तर आत सोल्डर धरलेच नव्हते. तीही टाकली. तिसरी केली नाही. ब्लो लॅम्पमधील रॉकेल बाटलीत ओतून ठेवले, पडवीचे एक दार लावून घेतले, आणि जो येईल त्याला मालवणात जायला सांगू लागलो.

दुःख झाले का, असे माझ्या मुलीने फोनवर विचारले. मी नाही म्हणालो. ते खरे होते. भूक लागे, जेवत असे. झोप येई. सकाळी उठून पडवीत बसत असे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा सेल्फ ऐकून तिचा कोणता जोड कच्चा आहे ते मनात ठरवीत असे. त्यापलीकडे काही वाटत नव्हते. बायकोला मात्र ते बरे वाटत नसावे. ती येता-जाता एखादे वाक्य टाकी.

"आरडलात तरी चलात," एकदा म्हणाली. "माझ्यार आरडा. भांड्यांर आरडा."

"कित्या?"

"आसाच. घरात कोण आसा तां कळात."

पावसाचा जोर ओसरू लागला होता. होड्यांची डागडुजी सुरू झाली होती. तेव्हा तो आला. देवबागचा ख्रिस्ती मच्छीमार, वय पन्नाशीच्या अलीकडचे. त्याच्या होडीला लॉरीचे जुने इंजिन आहे, आणि तिच्या केबली मीच केल्या होत्या. त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला लावली आणि लावलेल्या दाराकडे पाहत उभा राहिला.

"मेस्त्री, दुकान बंद कित्या? गिऱ्हाइकांक कंटाळलात?"

"हात बरो नाय."

"दिसता तर बरो."

"दिसता. काय तापला तां हाताक कळना नाय."

"मगे डोळ्यांनी बगा."

"तापलेला डोळ्यांक दिसना नाय."

तो बाकावर बसला. हातातली प्लास्टिकची पिशवी त्याने दोघांच्या मध्ये ठेवली. पिशवीत त्याच्या होडीच्या दोन जुन्या केबली होत्या.

"मे म्हयन्यात मुखार इंजिन बंद पडला, तां परत लागलाच नाय," तो म्हणाला.

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. होड्या खाडीत नांगरतात. समुद्रात जायचे तर पट्टीच्या टोकाशी, जेथे खाडी समुद्राला मिळते, त्या मुखातून जावे लागते. तेथे वाळूवर लाटा उठतात. इंजिन चालू असेल तर होडी लाटेला तोंड देऊन निघून जाते. इंजिन बंद पडले तर लाट होडीला आडवी करते, आणि दुसरी लाट उलटी करते. हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

"सेल्फ मारतंय तर टक् करून गप," तो सांगत होता. "भाव पुढे बसलो होतो. त्येका पोवूक येता, पण मुखार पोवान काय करतलो? होडी आडवी झाली. वाळूत जावन बसली म्हणान वाचलो. आता हंगाम येता. आवस म्हणता, केबली बदलल्याशिवाय मुखार जावचा नाय. भाव म्हणता, मेस्त्रींनी केल्यो तर येतंय, नायतर मी खाडीतच बरो."

"माझ्याच केबलीर बंद पडला मा?"

"केबल तुमची. पण इतकी वर्सां कधी पडला नाय."

"मालवणात जा. थय चांगल्यो करतत."

"तुमी कायव सांगा. मी दुसऱ्याच्या केबलीर मुख पार करूचंय नाय."

"आणि माझ्या केबलीर बुडलंस तर?"

तो यावर हसला नाही. "तां तुमका कळता तितक्या माका कळना नाय," म्हणाला, आणि पिशवी तेथेच ठेवून पिकअपकडे गेला. गाडीचा सेल्फ स्वच्छ लागला.

मी पिशवी दोन दिवस उघडली नाही. नंतर उघडली ती केबली घराबाहेर टाकण्याआधी एकदा पाहाव्यात म्हणून.

थिंबलांवर काहीतरी पांढरे, मेणासारखे थापलेले होते. वास घेतला. मुठेल होते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचे तेल काढून ते मुठीत वळून ठेवतात, म्हणून मुठेल. आमच्याकडे प्रत्येक घरात एखादा गोळा असतो. पावसाळ्यात टाचांना भेगा पडल्या की दिव्यावर वितळवून भरतात. बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावतात तसे कोणीतरी येथे मुठेल लावले होते. त्यातही बिघडत नाही. खारी हवा त्यानेही अडते.

पण चारपैकी तीन थिंबलांवर ते जसेच्या तसे पांढरे, बोटांच्या ठशांसकट होते. चौथ्यावर नव्हते. चौथ्याचे मुठेल पाझरून केबलीवर ओघळले होते आणि तपकिरी होऊन थिजले होते. मी ते थिंबल पालथे केले. जो चपटा भाग बॅटरीच्या नटाखाली दाबला जातो, त्या भागावरही मुठेलाचा काळपट थर होता. बाकीच्या तिघांच्या खाली तो नव्हता. म्हणजे लावणाऱ्याने आधी मुठेल थापले, त्यावर थिंबल ठेवले, आणि मग नट आवळला. थंड असताना मुठेल घट्ट असते. नट घट्ट लागल्यासारखा वाटला असेल. सेल्फ मारल्यावर जोड जरा तापला, तेवढ्याने आतले मुठेल वितळून बाहेर आले, आणि नट तेवढाच सैल झाला. मग तो जोड प्रत्येक वेळी अधिक तापत गेला असेल. मुखावर त्या जोडाने हात टेकले.

माझा जोड मी कापून पाहिला. आत तांबे लाल होते. सोल्डर जेथे थांबायला हवे तेथेच थांबले होते. मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. समाधान वाटले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या कोणाचे तरी काम पाहावे तसे पाहिले.

त्या संध्याकाळी मी रॉकेल पुन्हा ब्लो लॅम्पमध्ये भरले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"कोणाची?"

"देवबागची. पण बोटां नायत."

"माझी घेवा," ती म्हणाली.

मी तिला समोर बसवले. तिची दोन बोटे रबराच्या काठावर ठेवली आणि ऊब लागली की सांगायचे, असे समजावले. थिंबल दाबून झाले होते. मी राळ लावली, ज्योत धरली, सोल्डर पाझरू लागले. तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती शांत होती.

"लागता?"

"खंय."

थोड्या वेळाने पुन्हा विचारले.

"जरा जरा."

मी ज्योत काढली. केबल थंड झाल्यावर वाकवली. काठी झाली होती.

"तुझीव बोटां गेली की काय?"

"माझी शाबूत आसत," ती म्हणाली. "रोज सकाळी बिड्याच्या तव्यावरचे घावने ह्याच बोटांनी काढतंय. तुमी म्हणालात ऊब लागली की सांग. माका आता लागली."

तिचे म्हणणे खरे होते. तिच्या बोटांची ऊब आणि माझ्या बोटांची ऊब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिला माझे बोट होता येत नव्हते. ती उठली, बिघडलेली केबल पायाने बाजूला सारली, आणि आत गेली. परत आली ती हातात वाटी घेऊन. वाटीत मुठेल होते. माझ्या टाचा पाहायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती हे रोज करीत असे.

मी वाटी तिच्या हातातून घेतली. नखाने मुठेलाचा एक कण काढला आणि नव्या केबलीच्या रबराच्या काठावर, जेथे बोटे ठेवीत असे तेथे, लावला. पांढरा टिपका दिसत होता.

"ह्यां आणि काय?"

"बस. बग."

ज्योत धरली. टिपका पांढरा होता, पांढरा होता, मग एका बाजूने काचेसारखा झाला आणि घसरला. ज्योत काढली. केबल थंड होऊ दिली आणि वाकवली. काठी होतीच, पण आखूड. टिपका बोटांपेक्षा उशिरा सांगत होता. मी ती कापली, आणि पुढच्या केबलीवर टिपका थोडा अलीकडे, थिंबलाच्या जवळ लावला. या वेळी टिपका घसरला, ज्योत काढली, आणि थंड झालेली केबल थिंबलाच्या तोंडापासूनच वाकली. कापून पाहिली. आत सोल्डर भरलेले होते आणि जेथे थांबायला हवे तेथे थांबले होते. जुन्या तुकड्याशेजारी नवा तुकडा ठेवला. फरक दिसला नाही.

"जमला?" तिने विचारले.

"कापली ती जमली. आता करतंय ती जमाक व्हयी."

"मगे पाय कधी दाखवतलात?"

"उद्या."

"मुठेल संपवलात तर उद्या कसला लावतलंय? कपाळ?"

होडीच्या केबली पुढच्या दिवसांत केल्या. जी मनास आली नाही ती ठेवली नाही. तयार झाल्यावर प्रत्येक केबल वाकवून पाहिली, आणि बायकोलाही वाकवायला दिली. वाकवणे बोटांच्या टोकांचे काम नाही, मनगटाचे आहे. मनगट अजून सांगते.

त्याच्या पिकअपमधून देवबागला गेलो. होडी खाडीच्या बाजूला माडांखाली बांधलेली होती. त्याची म्हातारी आई, जिला तो आवस म्हणे, काठावर खुर्ची टाकून बसली होती. मी जुनी केबल तिला दाखवली आणि विचारले की मुठेल कोणी लावले.

"मियां," ती म्हणाली. "बॅटरी नवी घेतली तेव्हा. ह्यो एकच नट आवळूचो रवलो होतो. वायट काय झाला?"

"आतसून लावलंत."

"आतसूनच लावूचा. पायाची भेग आतसून बुजता. वरसून लावून काय उपयोग?"

"हयसर भायरसून लावूचा. आदी घासूचा, मगे आवळूचा, मगे लावूचा."

तिने मुलाकडे पाहिले. तो होडीत उभा होता.

"मेस्त्री, माका बुडवूचो बेत होतो आवशीचो," तो म्हणाला.

"मगे न्हानपणी पोवूक कित्या शिकवलंय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू विचारले, "माझ्यामुळे झाला?"

"नट सैल झालो," मी म्हणालो.

 तिने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि मी काय करतो ते पाहत बसली.

मी बोल्ट आणि थिंबलांचे चपटे भाग पॉलिश पेपरने घासले. तांबे लाल आणि बॅटरीचे शिसे उजळ दिसू लागल्यावर थिंबले बसवली आणि नट आवळले. पान्याचा जोर खांद्याला कळतो. त्यानंतर प्रत्येक जोडावर बाहेरून मुठेलाचे बोट ओढले आणि त्याला सेल्फ मारायला सांगितले. इंजिनाचे डिझेल बंद ठेवले होते, म्हणजे ते चालू न होता नुसते फिरेल आणि केबलींवर पूर्ण भार येईल. इंजिन फिरले. मी हात वर केला. त्याने बंद केले.

सवयीने माझे बोट थिंबलावर गेले. बोटाला काही कळले नाही. डोळ्यांनी पाहिले. तीन जोडांवरचे मुठेल पांढरे होते. सेल्फवरच्या जोडाचे एका कडेला ओले दिसत होते.

"चलात?" त्याने विचारले.

"नाय."

तो जोड उघडला. बोल्टाच्या मुळाशी जुन्या गंजाचा पापुद्रा राहिला होता. माझी बोटे चांगली असती तर घासतानाच तो खरखरीत लागला असता. तो काढला, पुन्हा आवळला, पुन्हा मुठेल लावले. त्याने पुन्हा सेल्फ मारला. चारही पांढरे राहिले. त्याला पुन्हा मारायला लावला. पांढरेच राहिले. आपलीही खात्री पटावी म्हणून तो खाली वाकून प्रत्येक जोडाला हात लावून पाहू लागला.

"थंड आसत," म्हणाला.

"समुद्रात जाताना मुखाच्या अलीकडे एकदा बग. पांढरा आसात तर जा. पाझरला आसात तर परत फिर. कोणाक इचारू नको."

"तुमका फोन करूक नको?"

"माका फोन करून मुख कसा दिसतला?"

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ गेले, होड्या निघाल्या. त्याची होडी कोणत्या सकाळी जाणार हे त्याने कळवले होते. मी मुखाकडे गेलो नाही. तेथे जाऊन माझ्याकडून काही होण्यासारखे नव्हते. पडवीत बसलो. पडवीची दोन्ही दारे उघडी होती. एका रिक्षाची केबल करायला घेतली होती, ती टिपका लावून केली, वाकवली, बाजूला ठेवली. दुपारी पेज जेवलो. बायकोने विचारले, त्यांचे काही कळले का. मी नाही म्हणालो.  चुलीवरची कढई तिने दोनदा घासली.

ऊन उतरल्यावर तिने पाय पाहायला घेतला. मी खुर्चीत बसलो होतो, ती खाली पाटावर. टाचेला नवी भेग पडली होती. मला दिसली नव्हती. तिने मुठेल पळीत घेतले, दिव्यावर धरले, आणि वितळलेल्या तेलाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकला. थांबली. मग पळी माझ्या टाचेकडे आणली आणि भेग भरू लागली. भाजले असते तरी मला कळले नसते, हे तिला ठाऊक होते. मीही रोज पाहत होतो की ती मनगटावर थेंब टाकते. त्या दिवशी ती काय करते आहे ते कळले. 

फोन तिच्या शेजारी जमिनीवर होता. तो वाजला तेव्हा तिचे हात तेलाचे होते. तिने कोपराने बटण दाबून मोठ्या आवाजावर लावला.

"मेस्त्री," त्याचा आवाज आला. मागे इंजिन चालू होते. "परत इलो. खाडीत आसंव."

"मुखार?"

"जाताना बगलंय, येताना बगलंय. भाव तर थयसून हललोच नाय, दिवसभर मुठेलाकच बगीत बसलो. जाळी कोण ओढतलो? मियां एकट्यान ओढलंय."

"मुठेल कसा आसा?"

"पांढरा."

"सगळा?"

"सगळा. आवस इचारता, आणखी लावू काय?"

"नको म्हणान सांग."

त्याने फोन ठेवला. बायकोने पळी पुन्हा दिव्यावर धरली, कारण बोलण्यात तेल थिजले होते. मी टाचेकडे पाहिले. भेगेत भरलेले मुठेल पांढरे होऊन घट्ट बसले होते. पाय थंड असावा.

"हलवू नका," ती म्हणाली.

मी पाय हलवला नाही.